रबरी ठसे, कागद आणि घरी केलेली शुभेच्छापत्रं: सतत येणारे प्रश्न

दिवाळीच्या महिनाभर आधी आणि मग परत संक्रांतीच्या पंधरा दिवस आधी माझ्या फोनवर हेच प्रश्न येतात. कधी मेसेज, कधी पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज ज्यात साडेचार मिनिटं नुसती प्रस्तावना. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय, प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तिथे जाऊन वाचा.

१. सुरुवात करायचीय पण बजेट कमी आहे, आधी काय काय घेऊ?

कागद. बहुतेक जण उलटं करतात, तीस-चाळीस ठशांचा सेट बघून भुलतात, मागवतात, तो झेरॉक्सच्या कागदावर मारतात आणि मग म्हणतात ताई तुमच्यासारखं येत नाही. पैसे आधी कागदावर घाला, मग शाईवर, उरले तर ठशांवर. साधा एका पानाचा ठसा चांगल्या कागदावर चांगल्या शाईने मारला की कार्ड भारी दिसतं, आणि महागातला ठसा हलक्या कागदावर मारला की तो फक्त महागडा डाग असतो. बाकी एक स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची नको, कटर तिच्यात घुसतो), कटर, डबल टेप आणि कटिंग मॅट. मॅट नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा चालतो, पण डायनिंग टेबलवर थेट कापू नका, आमच्या टेबलवर अजून रेघ आहे आणि सासूबाई ती पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

२. कागद किती जाड हवा? दुकानदार जीएसएम विचारतो, मला कळत नाही

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० असतो. कार्डाचा मुख्य भाग, म्हणजे जो घडी घालून टेबलवर उभा राहणार, त्याला २५० ते ३०० लागतो. वर जे थर चिकटवायचे त्यांना १२० ते २०० पुष्कळ झालं, सगळेच थर जाड घेतले तर कार्ड बंदच होत नाही, तोंड उघडं ठेवून बसतं. ३०० च्या पुढे गेलात की घडी फुटते (प्रश्न ४) आणि पोस्टात वजन नडतं (प्रश्न २०).

३. दुकानात नक्की काय नावाने मागायचं?

नुसतं 'क्राफ्ट पेपर द्या' म्हणालात तर कोणी घोटीव कागद देईल, कोणी खाकी, कोणी चमचमणारा. 'आयव्हरी शीट, अडीचशे किंवा तीनशे जीएसएम' असं म्हणा, ती गुळगुळीत असते, ठसा स्वच्छ उठतो. 'आर्ट कार्ड' देत असेल तर नको म्हणा, ते कोटिंगवालं, व्हिजिटिंग कार्डासारखं चकचकीत असतं, त्यावर साधी शाई वाळत नाही आणि बोट लागलं की पसरते. शंका असेल तर जिभेने ओलं केलेलं बोट कोपऱ्यावर टेकवा, पाणी लगेच मुरलं तर कागद तुमच्या कामाचा. दुकानदार बघत नसताना करा.

अख्खी शीट बऱ्याचदा २२ बाय २८ इंचाची मिळते. तिचे ११ बाय ७ चे बरोब्बर ८ तुकडे होतात, घडी घातली की ५.५ बाय ७ ची आठ कार्डं, कपटाही वाया जात नाही. ए४ घेतलात तर अर्धा कापून घडी घाला, एका कागदात दोन कार्डं.

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट, इथे एक चक्कर मारली तर ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतं आणि कागद हातात घेऊन बघता येतो, ते जास्त महत्त्वाचं. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, तिथला कागद बघून डोळे निवतात, पण सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद खडबडीत असतो, त्याच्यावर बारीक नक्षीचा ठसा अर्धाच उठतो. जाड रेघांचे ठसे वापरा, किंवा हातकागद खाली आणि त्याच्यावर आयव्हरीचा तुकडा.

४. घडी घातली की कागद फुटतो, कडेला पांढरी चीर दिसते. काय चुकतं?

दोन गोष्टी. एक म्हणजे कागदाला ग्रेन असतो, मशीनवर तयार होताना धागे एका दिशेने पडतात आणि त्या दिशेने कागद ऐकतो, आडव्या दिशेने हट्ट करतो. कागद न दुमडता हातात हलकेच वाकवून बघा, एकदा उभा एकदा आडवा, ज्या बाजूने सहज वाकेल तीच घडीची बाजू. दुसरं म्हणजे घडीच्या जागी आधी रेघ दाबून घ्यायची असते. त्याला बोन फोल्डर नावाचं हत्यार मिळतं, पण संपलेली रिफील किंवा स्वेटरची सुई पट्टीला लावून ओढली तरी तेच होतं. मग घडी अशी घाला की दाबलेली खाच बाहेरच्या अंगाला राहील आणि फुगवटा आत जाईल. हे सगळ्यांना उलटं वाटतं, मलाही वर्षभर वाटत होतं.

रंगीत कागदाचा गाभा पांढरा असेल तर चीर दिसणारच. कडेने कागद थोडा फाडून आत रंग आहे का ते बघून घ्या.

५. लाल रबराचे ठसे घेऊ की ते पारदर्शक?

पारदर्शक म्हणजे क्लिअर ठसे ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरायचे, खालचं दिसतं, त्यामुळे जागा चुकत नाही, आणि ठेवायला फाइल पुरते. रबराचे ठसे टिकतात जास्त, नक्षी खोल असते, कडा एकदम कुरकुरीत येतात, पण लाकडावर बसवलेले असले तर अंदाजाने मारावे लागतात. नवशिक्यांनी क्लिअर घ्यावेत असं माझं मत. त्यातही फोटोपॉलिमरचे आणि स्वस्त सिलिकॉनचे यात फरक आहे. सिलिकॉनच्यावर शाई दवासारखी थेंब-थेंब जमते आणि छाप ठिपक्याठिपक्यांची येते. फोटोपॉलिमर वापरून आणि उन्हाने पिवळा पडतो, त्याने काही बिघडत नाही, फक्त खिडकीत ठेवू नका.

६. नवीन क्लिअर ठसा आणला, छाप फिकी आणि डागाळलेली येतेय. परत पाठवू का?

थांबा. नवीन ठशावर साच्याचा किंचित तेलकट थर असतो. त्यावर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पृष्ठभाग थोडा मंद झाला की शाई धरतो. नंतर दोन-तीन वेळा रद्दीवर मारून बघा. शिवाय कागदाखाली काहीतरी मऊ हवं, माऊसपॅड किंवा फोमची शीट, काचेच्या टेबलवर मारलं तर मधला भाग उठतच नाही. आणि ठसा पॅडवर दाबू नका, उलटं करा, ठसा वर तोंड करून ठेवा आणि पॅड त्याच्यावर टपटप करा, म्हणजे शाई कुठे लागली ते दिसतं.

७. ऑफिसमधलं जांभळं स्टँप पॅड चालेल का?

सरावाला चालेल. कार्डाला नको, ती शाई पातळ असते, कागदात फुटते, आणि कार्ड शुभेच्छांचं न दिसता ग्रामपंचायतीच्या दाखल्यासारखं दिसतं.

शाईचे प्रकार एकदाच समजून घ्या, पुढे सारखे लागतील. डाय इंक पाण्यासारखी, कागदात मुरते, लगेच वाळते, पण उन्हात उडते. पिगमेंट इंक दाट, कागदाच्या वर बसते, रंग गडद, पण वाळायला वेळ खाते आणि पावसाळ्यात तर अंत पाहते. सॉल्व्हंट इंक, म्हणजे स्टेझॉनसारखी, काच, प्लॅस्टिक, चकचकीत कागद सगळ्यावर बसते, पाण्याने हलत नाही, मात्र ठशावर डाग ठेवते. आणि व्हर्सामार्कसारखी बिनरंगी चिकट शाई एम्बॉसिंगला लागते (ओल्या छापेवर बारीक पावडर टाकून ती गरम करून वितळवायची, म्हणजे छाप उठावदार होते). एकच घ्यायचं असेल तर चांगली काळी डाय इंक घ्या.

८. ठसा मारून आत रंगवायला गेले तर काळी शाई पसरून सगळं राख झालं

शाई आणि रंग यांची जोडी चुकली. वॉटरकलर भरायचा असेल तर काळी शाई पाण्याला दाद न देणारी हवी, सॉल्व्हंट किंवा आर्काइव्हल. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर बरोबर उलटं, सॉल्व्हंट शाई मार्करमध्ये विरघळते, तिथे मेमेंटोसारखी डाय इंक लागते. रंगीत पेन्सिलींना काहीही चालतं, म्हणून मी क्लासमध्ये सुरुवात पेन्सिलींनीच करून घेते. नवीन पॅड आणलं की एका कपट्यावर ठसा मारा, पाच मिनिटांनी ओला ब्रश आणि मार्कर दोन्ही फिरवा, निकाल पॅडच्या झाकणावर लिहून ठेवा.

९. मराठीत शुभेच्छा असलेले ठसे कुठे मिळतात? सगळीकडे हॅपी बर्थडेच आहे

तयार फार मिळत नाहीत, म्हणून करून घ्या, आणि त्यासाठी क्राफ्टच्या दुकानात जायची गरज नाही. कोर्टाच्या आसपास, तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या रांगेत जो शिक्केवाला बसतो ना, जो सोसायटीचे आणि डॉक्टरांचे शिक्के करतो, तोच तुमचा माणूस. 'सेल्फ इंक नको, प्री-इंक नको, नुसता पॉलिमर द्या' असं सांगा (पहिले दोन म्हणजे आतच शाई असलेले शिक्के), म्हणजे दांडा नसलेला ठसा मिळतो, तो ठोकळ्यावर डबल टेपने लावा. तो दोनदा विचारेल की सही कुठे करणार, संस्थेचं नाव काय. हसून सांगा, वाढदिवसाचा आहे.

आता खरी गोम. डीटीपीवाल्याकडे बऱ्याचदा श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात, तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर तिथे तसाच उतरत नाही, म्हणून तो परत टाइप करतो, आणि त्या परत टाइप करण्यात 'शुभेच्छा'चं 'शुभेच्या' होतं. आशीर्वादचा रफार 'वा'वरची जागा सोडून भलतीकडे जाऊन बसतो, अभीष्टचिंतनमधली दीर्घ भी ऱ्हस्व होते. माझ्या एका मैत्रिणीच्या ठशावर 'हार्दीक शुभेच्या' आलं आणि तिने साठ कार्डांवर मारल्यावर तिच्या सासऱ्यांनी वाचलं, ते निवृत्त मराठीचे मास्तर. त्यामुळे मजकूर टाइप करून पाठवूच नका. स्वतः डिझाइन करून पीडीएफ किंवा मोठं काळंपांढरं चित्र द्या आणि 'असंच्या असं करा' म्हणा. फॉन्ट हवा तर 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू फुकट मिळतात, बालू गुबगुबीत आहे, ठशाला फार छान.

अक्षर फार बारीक ठेवू नका. इंग्रजीत चालतो तो आकार देवनागरीत चालत नाही, कारण आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं, आणि 'च्छ'च्या पोटात शाई भरली की काळा गोळा होतो. मुख्य अक्षराची उंची निदान ५ मिमी ठेवा आणि फॉन्ट फार किरट्या रेघांचा नको. उलटं म्हणजे आरशातलं करून द्यायची गरज नाही, ते तो करतो, पण विचारून घ्या, दोघांनीही उलटं केलं तर ठसा सुलटा होतो आणि छाप उलटी.

१०. बाराखडीचे सुटे ठसे घेतले तर काहीही लिहिता येईल ना?

वाटतं तसं, होत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांचं जमतं. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकलेली, दोन ठशांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी शब्द तुटलेला दिसतो, एक अक्षर मिलिमीटरभर खाली गेलं की रेघेला पायरी पडते. शिवाय वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सुटे ठसे ठेवून कशी करणार. यावर माझा एक तोडगा आहे, सुटे ठसे मारताना शिरोरेघ ठशात नकोच, अक्षरांची फक्त अंगं मारायची आणि वाळल्यावर वरची रेघ पट्टी लावून जेल पेनने एकसलग ओढायची. बारशाच्या कार्डावर बाळाचं नाव असं फार गोड दिसतं. पण 'ज्ञानेश्वरी' नाव ठेवलं असेल तर सरळ हाताने लिहा.

११. घरच्या घरी ठसा कोरता येतो का?

येतो. मोठं मऊ खोडरबर, कटर किंवा लिनो कटर. डिझाइन बटरपेपरवर पेन्सिलीने काढा, ते तोंड खाली करून रबरावर ठेवा आणि नखाने घासा, पेन्सिलीचं चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छाप सुलटी येईल. कोरताना पातं उभं धरू नका, बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेघेला खालून आधार राहतो, नाहीतर बारीक रेघा दाबताना लवतात. पहिल्यांदा पान, पणती, पतंग असं काहीतरी करा, मोर नको. भेंडी आणि बटाटा यांचेही ठसे मस्त येतात, पण भेंडी कापून अर्धा तास पेपरवर उपडी ठेवा, नाहीतर शाईपेक्षा बुळबुळीतपणाच जास्त उठतो.

१२. कपड्यांवर छपाईचे लाकडी ब्लॉक आहेत आमच्याकडे, ते कागदावर चालतील?

चालतील, पण ते कापडासाठी कोरलेले असतात, कापड लवचीक असतं, खाली गादी असते. कागदाखाली टॉवेलची दुहेरी घडी घाला आणि इंकपॅडऐवजी ॲक्रिलिक रंग स्पंजने ब्लॉकला लावा. पहिल्या एक-दोन छापा खराब जाणारच. ब्लॉक पाण्यात भिजत टाकू नका, लाकूड फुगून चीर जाते.

१३. एम्बॉसिंगला हीट गन नाही, हेअर ड्रायरने होईल का?

नाही होणार, हे मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. ड्रायर वारा जास्त आणि उष्णता कमी देतो, पावडर वितळायच्या आधी उडून शेजारच्या खोलीत जाते. इस्त्रीने होतं. इस्त्री पूर्ण गरम करून उलटी नीट टेकवून धरायची (दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा) आणि कागद तिच्या वर एक-दीड सेंटिमीटरवर, छाप वरच्या बाजूला ठेवून सावकाश फिरवायचा. पावडर दाणेदार दिसते ती एकदम पाण्यासारखी चमकते, त्या क्षणी काढायचा. जास्त ठेवलात तर ती कागदात मुरते आणि तेलाचा डाग पडल्यासारखं दिसतं. गॅसच्या आचेवर मात्र अजिबात नको. हार्डवेअरच्या दुकानातली रंग काढायची हीट गन असेल तर सगळ्यात कमी तापमानावर, लांबूनच, ती कागद जाळू शकते.

पावडर टाकायच्या आधीची शाई पिगमेंट किंवा चिकट बिनरंगी हवी, डाय इंक लगेच वाळते, पावडर धरायला काही उरतच नाही (प्रश्न ७).

१४. पावडर नको तिथे पण चिकटते, पावसात तर सगळं कार्डच चिकट होतं

कागदावर दमटपणा आणि हाताचा तेलकटपणा असतो, त्याला दाणे चिकटतात. बाजारात यासाठी पावडरची पुरचुंडी मिळते, मी जुन्या मोज्यात दोन चमचे टाल्कम पावडर घालून गाठ मारलीय, ठसा मारायच्या आधी कागदावर ती हलकेच आपटायची आणि उरलेली फुंकून काढायची. काळ्या कागदावर जपून, पांढरट झाक राहते. तरीही चिकटलेले दाणे गरम करायच्या आधी कोरड्या बारीक ब्रशने काढा, नंतर ते कायमचे.

कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये कार्डं करणं म्हणजे कसोटी आहे. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. राखीची कार्डं मी मेमध्येच करून ठेवते, त्याचं हेच कारण.

१५. सगळं छान झालं आणि शेवटचा ठसा वाकडा बसला. आता?

अर्धवट उठला असेल आणि ठसा अजून ठोकळ्यावर असेल तर क्लिअर ठसा परत अचूक त्याच जागी बसवता येतो, पण त्यासाठी आधीपासून सोय हवी. मिस्टी नावाचं उपकरण त्यासाठीच असतं, महाग आहे. जुनी सीडीची डबी घ्या, कागद खालच्या भागात कोपऱ्याला टेकवून ठेवा, ठसा कागदावर उपडा ठेवा, झाकण लावलं की ठसा झाकणाला चिकटून वर येतो. मग शाई लावा, झाकण बंद करा, हवं तितक्या वेळा करा, तिथेच बसतो. कागद झाकणापासून खाली राहत असेल तर त्याच्याखाली फोम घाला.

वाकडा बसलाच असेल तर तो तुकडा कापून काढा आणि वर नवीन थर चिकटवा. माझ्या कार्डांवर तुम्हाला जे सुंदर थर दिसतात त्यातले निम्मे चुका झाकायला आलेले आहेत.

१६. फेविकॉल लावला की कागद पापडासारखा होतो

पाणी आहे त्यात, होणारच. मोठ्या थरांना डबल टेप किंवा ग्लू स्टिक. बारीक गोष्टींना, टिकल्या, कुंदन, क्विलिंगच्या (गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यांच्या) कडा, तिथे फेविकॉल ठीक आहे, पण टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. फेविक्विक नको, आजूबाजूला पांढरी राख धरते. उंची द्यायची असेल तर फोम टेप, मात्र पोस्टाने जाणार असेल तर एकच थर. आधीच पापड झाला असेल तर पूर्ण वाळू द्या आणि दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवा, दिवाळी अंकांचा गठ्ठा उत्तम.

१७. डाय कटिंगचं मशीन घेऊ का?

म्हणजे धातूच्या साच्याने (डायने) कागदाचे आकार कापायचं मशीन. वर्षभर हाताने कापून बघा, तरी घ्यावंसं वाटलं तर घ्या. मशीन एकदाच, पण डाय दर महिन्याला, तिथे खरा खर्च. तोपर्यंत एक गोल आणि एक फुलाचा पंच पुरतो.

१८. काळ्या कागदावर कार्ड केलं तर घरचे म्हणतात अशुभ. खरंच करू नये?

ज्याला द्यायचंय त्याच्या घरात चालत नसेल तर करू नका, कार्ड त्यांच्यासाठी आहे. पण संक्रांत हा तर काळ्याचाच सण, त्या दिवशी काळी साडी चालते तर काळं कार्ड का नाही! माझं सगळ्यात आवडतं कार्ड तेच आहे. काळा कागद, चिकट शाई, पांढरी एम्बॉसिंग पावडर, आणि पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने ठिपके मारत जायचे, गरम केलं की प्रत्येक ठिपका टपोरा पांढरा होतो, अगदी हलव्याचा दाणा. अशा ठिपक्यांचा हार करा, बाजूबंद करा, नव्या नवरीच्या किंवा बोरनहाणाच्या बाळाच्या पहिल्या संक्रांतीला द्या. पांढरं पिगमेंट पॅड काळ्यावर मारून हे होत नाही, ते राखाडी दिसतं.

आमच्या लहानपणी तिळगुळाच्या दोन दाण्यांसकट छोटी छापील भेटकार्डं पोस्टाने यायची, आठवत असतील. त्याच मापाची, काडेपेटीपेक्षा जरा मोठी कार्डं करा, ए४ च्या एका कागदात ढीगभर होतात.

१९. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद फार सुंदर असतो, वापरू का? आणि त्यावरच्या गणपतीचं काय करायचं?

जरूर वापरा, एवढा महाग कागद आपण विकत घेणार नाही. छपाईची बाजू आत किंवा थराखाली जाईल असं बघा, नाहीतर वाढदिवसाच्या कार्डाच्या मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' निघतं. गणपती मी वेगळा कापून ठेवते आणि मुंजीच्या, गृहप्रवेशाच्या कार्डावर आतल्या बाजूला लावते. पाकिटावर मात्र देवाचा ठसा मी मारत नाही, पाकीट फाडलं जातं, पायाखाली येतं, शिवाय पोस्टाचा शिक्का नेमका सोंडेवर बसतो. ही माझी पद्धत, तुम्ही तुमचं ठरवा.

२०. कार्ड पोस्टाने पाठवायचंय, किती तिकीट लागेल आणि चेपणार तर नाही?

पत्राचं वजन २० ग्रॅमच्या टप्प्यांत मोजतात, दर खिडकीवर विचारा. हिशोब घरी करता येतो. ए४ म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून ३०० जीएसएमचा ए४ साधारण १९ ग्रॅम, त्याच्या अर्ध्याचं कार्ड ९-१० ग्रॅम. ११ बाय ७ चं कार्ड १५ ग्रॅम. त्यात पाकिटाचे ५ ग्रॅम, दोन थर, चार कुंदन, की झालं २० पार. कमी तिकीट लावलं तर घेणाऱ्याला दंड भरून पत्र सोडवावं लागतं, वाढदिवसाच्या दिवशी ते बरं दिसत नाही.

पत्रांवर शिक्का हाताने किंवा यंत्राने आपटतात, त्यामुळे उंच फुलं, मणी, लाखेचे कडक सील यांचा भुगा होतो. कार्डाच्या मापाचा एक साधा पुठ्ठा दर्शनी बाजूला ठेवा. जास्त जड काही असेल तर सरळ स्पीड पोस्ट करा. रजिस्टर करा असं अजूनही सांगतात लोक, पण रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय.

२१. कार्ड तयार आहे पण त्या मापाचं पाकीटच मिळत नाही

म्हणून पाकीट आधी घ्यायचं आणि कार्ड त्याच्यापेक्षा ५-६ मिमी लहान करायचं. ए६ कार्डाला (म्हणजे अर्धा ए४ घडी घालून होतं ते) सी६ पाकीट लागतं, ११४ बाय १६२ मिमी. आहेराची पाकिटं लांबट असतात, त्यांच्या मापाची लांबट कार्डंही छान दिसतात. कार्ड होऊन बसलं असेल तर १०० जीएसएमच्या कागदाचं पाकीट स्वतः करा, मिळालेलं एखादं पाकीट सोडवून उलगडा आणि तोच नमुना धरा.

२२. भाऊ ऑस्ट्रेलियात आहे, राखीबरोबर कार्ड, कुंकू, अक्षता आणि ते बियांचं कार्ड पाठवू का?

राखी आणि कार्ड पाठवा. अक्षता, बियांचा कागद (लगद्यात बिया घातलेला, पेरला की उगवतो तो), तिळगूळ, सुकलेली पानंफुलं नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बिया, धान्य, झाडांचे भाग याबाबत फार कडक आहेत, पाकीट अडकतं किंवा नष्ट होतं. दसऱ्याला आपट्याचं पान पाठवायचं असेल तर पानाचा ठसा सोनेरी पावडरीने एम्बॉस करून पाठवा. बियांचा कागद इथल्या इथे द्यायला चांगला, पण त्यावर गरम एम्बॉसिंग करू नका, बी भाजून निघतं.

२३. मुलांना कितव्या वर्षी शिकवू?

ठसा धरता आला की. चार वर्षांच्या मुलाला पाण्याची शाई, मोठा लाकडी ठसा आणि भरपूर रद्दी द्या. कटर आणि गरम एम्बॉसिंग मोठ्यांनीच करायचं. आणि त्यांनी मारलेला वाकडा ठसा सरळ करू नका हो, आजीला तोच हवा असतो.

२४. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काहीतरी वेगळं हवंय

८१ व्या वर्षात आहेत, तर ८१ चंद्र. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराचा गोल, निळ्या कागदावर चंदेरी एम्बॉसिंग, नऊच्या नऊ ओळी. घरातल्या प्रत्येकाने थोडे थोडे मारायचे, पणतवंडाने मारलेला चंद्र बाकीच्यांपेक्षा थोडा ढळलेला असेल तर असू दे. आतला मजकूर मोठ्या अक्षरात, काळ्या शाईत, पांढऱ्यावर. सोनेरी पेनने पिवळ्यावर लिहिलेलं त्या वयात वाचता येत नाही, आणि ते वाचता येत नाही असं सांगतही नाहीत.

२५. ठसे साफ कसे करायचे?

लगेच, ओल्या फडक्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या बेबी वाइपने. रबराला तेलकट काही लावू नका, ते फुगतं. सॉल्व्हंट शाईला तिचा वेगळा क्लीनर असतो. डाग राहिला तरी चालतो, शाई सुटून पुढच्या छापेत येत नसेल तर ठसा स्वच्छ आहे असं समजा.

२६. अशी कार्डं विकली तर चालतात का, कॉपीराइटचं काय?

विकत घेतलेल्या ठशाने हाताने छापून कार्ड विकायला बऱ्याच कंपन्या परवानगी देतात, त्याला एंजल पॉलिसी म्हणतात, काही कार्डांच्या संख्येवर मर्यादा घालतात, त्यामुळे त्या त्या कंपनीचे नियम वाचा. तो ठसा स्कॅन करून छापखान्यात हजार प्रती काढणं मात्र कुठेच चालत नाही. कार्टूनमधली पात्रं शिक्केवाल्याकडून करून घेऊन विकणंही नाही. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे १९०६ मध्ये गेलेल्या राजा रविवर्म्याची चित्रं घेता येतात, पण कालच्या कुणाचं इन्स्टाग्रामवरचं चित्र नाही. वारलीला भौगोलिक मानांकन आहे, तुमच्या हाताने काढलेल्या माणसांना 'अस्सल वारली' म्हणून विकू नका. आणि अशोकस्तंभाचा ठसा करायला जाऊ नका, २००५ च्या कायद्याने राजचिन्हाच्या अशा वापराला बंदी आहे, पंधरा ऑगस्टचं कार्ड असलं तरी.

२७. किंमत किती लावू? मैत्रिणी म्हणतात एवढ्यात तर दुकानात तीन येतात

मग त्यांना दुकानातली तीन घेऊ द्या. सामानाचा खर्च (पाकीट आणि वाया गेलेला कागद धरून) अधिक तुमच्या वेळेचे पैसे, वेळ घड्याळ लावून मोजा, अंदाजाने नाही. मी पहिल्या वर्षी वीस मिनिटांचं कार्ड समजत होते ते पन्नास मिनिटांचं निघालं, त्यातली पंधरा मिनिटं तर नुसती रंग निवडण्यात जात होती. आता ऑर्डर घेताना दोनच रंग विचारते.